लसूण-मोहरीचा अपराध

एखाद्या वस्तूपासून हानी झाली म्हणजे ती वस्तू दुष्ट ठरते काय? हा प्रश्न दिसावयास सोपा आहे, आणि पुष्कळजण त्याचे उत्तर विचार न करिताच देतात. विहिरीत मूल पडले तर विहिरीला कोणी शिक्षा करीत नाही, हे आपण सर्व जाणतो. पण त्याच वर्षी त्या घरात नवी सून आली असेल, तर तिला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणावयास शेजारीपाजारी मागेपुढे पाहत नाहीत. हानी झाली की तिचा कोणी तरी धनी असलाच पाहिजे, असे मनुष्याच्या मनाला वाटते. आणि तो धनी शोधताना आपली दृष्टी बहुधा जो नवा आहे, जो बाहेरून आला आहे आणि जो हाताशी आहे, त्याजवर प्रथम जाऊन बसते.

या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका रोपट्याच्या आधारे करू इच्छितो. मनुष्यांविषयी बोलू लागले की नाते, जात, पक्ष आणि जुने तंटे मध्ये येतात. रोपट्याविषयी बोलताना मन थंड राहते. हे रोपटे आपल्या रानातील नव्हे. ते उत्तर अमेरिकेच्या रानांत माजले आहे, आणि तेथील लोकांनी त्याजवर कित्येक वर्षे एक प्रकारचे युद्धच चालविले आहे. मोहरीच्या कुळातील असल्यामुळे ते आमच्या वाचकांस अगदीच परके वाटू नये.

इंग्रजीत त्यास ‘गार्लिक मस्टर्ड’ म्हणतात. आपण त्यास लसूण-मोहरी म्हणू. शास्त्रज्ञांचे नाव अलियारिया पेटिओलाटा. मोहरी, मुळा, कोबी व नवलकोल यांची ती चुलत बहीण होय. या कुळातील फुलांस चार पाकळ्या असतात व त्या क्रूसाच्या आकारात मांडलेल्या असतात, म्हणून जुने वनस्पतिशास्त्रज्ञ या सर्व कुळास लॅटिन भाषेत क्रूस वाहणारे कूळ असे नाव देत असत. आपल्या मोहरीचे फूल पिवळे, हिचे पांढरे. पान हातात चुरगळले की लसणाचा स्पष्ट वास येतो, आणि तिच्या नावाचे कारण तेवढेच. शुभवर्तमानात ज्या मोहरीच्या दाण्याचा दाखला आहे ती ही नव्हे. ती पॅलेस्टाइनच्या शेतातील मोहरी. दोहोंची गल्लत कोणी करू नये.

लसूण-मोहरीचे आयुष्य दोन वर्षांचे असते. पहिल्या वर्षी ती जमिनीलगत पसरलेल्या गोल, दातेरी पानांचा एक झुबका एवढीच असते. त्या देशात हिवाळ्यात बर्फ पडते व बहुतेक झाडे निष्पर्ण होतात. पण हिची पाने बर्फाखालीही हिरवी राहतात. दुसऱ्या वर्षी वसंताच्या आरंभी, थोर वृक्षांस पालवी फुटण्यापूर्वी, रानातील भुईवर ऊन पोहोचते, तेव्हा ही एकदम वर उठते. दोनतीन फूट उंचीचा दांडा, त्रिकोणी पाने, शेंड्यावर पांढऱ्या फुलांचा गुच्छ. फुलास दुसऱ्या झाडाचा पराग मिळाला नाही तरी चालते. स्वतःच्याच परागाने ती फळते. मग लांब, बारीक, उभ्या शेंगा येतात, त्यांत काळे बी तयार होते, आणि आई वाळून मरते. एका झाडास कित्येक शेकडे बी येते, चांगल्या पोसलेल्या झाडास काही हजारही. ते बी मातीत पाच वर्षे, कधी कधी दहा वर्षे जिवंत पडून राहते.

यातील एक गोष्ट पुढील विचारासाठी लक्षात ठेवावी. हे बी वाऱ्यावर उडत नाही. त्यास ना कापूस, ना पंख. बहुतेक बी आईच्या पायाशीच पडते. लांबचा प्रवास ते दुसऱ्याच्या पायाने करिते: प्रवाशाच्या बुटाला लागलेल्या चिखलातून, जनावराच्या केसांतून, गाडीच्या चाकातून, नाल्याच्या पाण्यातून.

अमेरिकेत ती आली तीही दुसऱ्याच्या पायाने. तिचे मूळ घर युरोप, उत्तर आफ्रिकेचा काही भाग आणि तेथून पूर्वेस उत्तर पाकिस्तानापर्यंतचा प्रदेश. युरोपात गरिबांची ती ओळखीची भाजी होती. हिवाळा संपत आला, साठवणीचे सरले आणि शेतात अजून काही उगवले नाही, अशा दिवसांत कुंपणाच्या कडेला ही हिरवी दिसे, आणि लोक तिची चटणी करीत, मांसाबरोबर खात, औषधासही वापरीत. तिची ओळख किती जुनी आहे पाहा. डेन्मार्क व जर्मनी येथे सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची मडकी सापडली. त्यांच्या आतील करपलेल्या थरात तिच्या बियांचे सूक्ष्म अवशेष संशोधकांस आढळले, व ही गोष्ट २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्या बियांत पोट भरण्याजोगे काही नसते. तेव्हा तो मनुष्य मासळीला किंवा मांसाला तिखट चव यावी म्हणूनच त्या घालीत असला पाहिजे. सहा हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईला फोडणीची आवड होती, हे वाचून आमच्या भगिनींस आनंद वाटेल.

पुढे युरोपातील लोक समुद्र ओलांडून अमेरिकेत वस्तीस गेले. परगावी नांदावयास जाणारी लेक आईच्या परसातील अळूचा कंद किंवा गवती चहाचे ठोंब पदरात बांधून नेते. तसेच या लोकांनी आपल्या ओळखीची ही भाजी बरोबर नेली असावी, असे बहुतेक विद्वान मानतात. अमेरिकेत तिची पहिली लेखी नोंद १८६८ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड येथे झाली. त्यानंतर ती परसातून रस्त्याच्या कडेला, तेथून रानाच्या कडेला आणि तेथून रानाच्या आत गेली. आज ती त्या खंडाच्या पूर्वेकडील व मध्यभागातील राज्यांत आणि कॅनडाच्या दक्षिण भागात सर्वत्र आढळते.

आता तिच्यावरील आरोप ऐकू. ते खोटे नाहीत, आणि तिचा पक्ष घेणाऱ्याने ते झाकून ठेवू नयेत.

पहिला आरोप असा की वसंताच्या आरंभीचे जे थोडे आठवडे रानातील लहान फुलझाडांस ऊन मिळते, ते ती अडविते. दुसरा आरोप अधिक गंभीर आहे. वृक्षांच्या मुळांशी एक प्रकारची बुरशी सख्य करून राहते. तिचे बारीक धागे मातीत दूरवर पसरतात, तेथून पाणी व खनिज द्रव्ये आणून झाडास देतात, आणि झाड त्या बदल्यात आपल्या पानांत तयार झालेली साखर त्यांस देते. गावात सुतार, कुंभार आणि शेतकरी यांचे बलुत्याचे जे देणेघेणे चालत असे, तसेच हे. मोहरीच्या कुळातील झाडांस मात्र बहुधा या बुरशीची गरज पडत नाही. ती आपली आपण जगतात. लसूण-मोहरी मातीत जी तीव्र द्रव्ये सोडते त्यांनी ही बुरशी मरते किंवा क्षीण होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की लसूण-मोहरीने व्यापलेल्या मातीत मेपल व अ‍ॅश या वृक्षांची रोपे खुरटतात, कारण त्यांची मुळे आपल्या या मित्राला मुकतात. ज्याला शेजाऱ्यावाचून चालते, तो शेजारधर्म मोडतो आणि आपण मोडला हे त्याला कळतही नाही. अशी मनुष्येही आपण पाहिली आहेत.

तिसरा आरोप एका फुलपाखरासंबंधी आहे. वेस्ट व्हर्जिनिया व्हाइट नावाचे एक पांढरे फुलपाखरू पूर्व अमेरिकेच्या रानांत राहते. मोहरीच्याच कुळातील एका देशी रानफुलाच्या पानांवर ते अंडी घालते. पान कोणते हे ते वासावरून व चवीवरून ओळखते. लसूण-मोहरीचा वास त्याच कुळाचा. म्हणून मादी तिच्यावर अंडी घालते, अळ्या बाहेर येतात, पान कुरतडतात आणि मरतात. मादीचे चुकले काय? तिने आपल्या पूर्वजांची रीत पाळली. रोपट्याने फसविले काय? त्याने आपला वास बदलला नाही, कोणाला बोलाविले नाही.

येथे आमचा मूळ प्रश्न पुन्हा पुढे येतो. ज्या पानावर अमेरिकेत एका फुलपाखराची पिल्ले मरतात, त्याच पानावर युरोपात नारिंगी टोकाच्या पंखांचे एक फुलपाखरू अंडी घालते व त्याची पिल्ले पोसतात. युरोपात सुमारे सत्तर जातींचे कीटक या झाडावर उपजीविका करितात. मातीविषयीही तसेच. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दोन्ही खंडांतील माती घेऊन तुलना केली. तेव्हा अमेरिकेतील बुरशीला या झाडाच्या द्रव्यांनी जबर इजा झाली, पण युरोपातील बुरशीला तितकी झाली नाही. तेथील शेजाऱ्यांस हजारो वर्षांच्या सहवासाने तिची सवय झालेली आहे. झाड एकच, स्वभाव एकच, रस एकच. मग दुष्टपणा कोठे राहतो? तो पानात असता तर युरोपातही असता. तेव्हा असे म्हणणे प्राप्त आहे की हानी ही त्या झाडाच्या ठायी नसून झाड व जागा यांच्या नव्या संबंधात आहे, आणि तो संबंध झाडाने जोडिला नाही.

कोणी म्हणेल की ही शब्दांची कसरत झाली. त्यास आम्ही गांडुळाचा दाखला देतो. आपल्या देशात शेतकऱ्याचा मित्र कोण, असे शाळेतल्या पोराला विचारिले तर ते गांडूळ असे सांगेल, आणि बरोबर सांगेल. पण उत्तर अमेरिकेचा उत्तर भाग एके काळी मैलोगणती जाड बर्फाखाली होता. ते बर्फ दहाबारा हजार वर्षांपूर्वी मागे हटले, तेव्हा त्या प्रदेशात गांडूळ उरलेच नव्हते. तेथील राने गांडुळांवाचून वाढली. झडलेली पाने तेथे वर्षानुवर्षे साठून जाड, मऊ थर होई आणि त्या थरातच तेथील रानफुलांचे बी रुजे. मग युरोपातून जहाजांतील मातीबरोबर, रोपांच्या मुळांबरोबर आणि पुढे मासे धरणाऱ्यांच्या आमिषाबरोबर गांडुळे आली, व त्यांनी तो थर खाऊन टाकिला. भुई उघडी पडली. २००९ साली संशोधकांनी असे दाखविले की त्या रानांतील देशी झाडे कमी होण्याचे मोठे कारण ही गांडुळे आहेत, आणि लसूण-मोहरी बहुधा त्यांच्या मागून, तयार झालेल्या उघड्या जागेत शिरते. म्हणजे आमचा मित्र तेथे घरफोड्या ठरला! त्याने तेथे नवे काही केले नाही. येथे करितो तेच केले.

आता हरणांची गोष्ट. वसाहत करणाऱ्यांनी पूर्वेकडील रानांतून लांडगे व पूमा मारून नाहीसे केले. हरणांस शत्रू उरला नाही आणि त्यांची संख्या फार वाढली. हरिण देशी रानफुले आवडीने खाते. लसूण-मोहरीला तोंड लावीत नाही. पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्ग शहराजवळ एक रान आहे. तेथे २००३ सालापासून काही जागांस कुंपण घालून हरणांस बाहेर ठेविले आणि शेजारच्या तशाच जागा मोकळ्या ठेविल्या. मोकळ्या जागेत लसूण-मोहरी वाढत गेली. कुंपणाच्या आत तिची वाढ थांबून ती घटू लागली, व देशी फुलझाडे परत आली. कुंपणात कोणी तिला विष घातले नव्हते. फक्त तिच्या शेजाऱ्यांस कोणी खात नव्हते.

वाचकांनी आता त्या नव्या सुनेकडे वळून पाहावे. घराची भिंत आधीच खचलेली, सासऱ्याचे कर्ज जुने, विहीर तीन वर्षे आटत आलेली. सून आली आणि त्याच साली बैल मेला. सर्व दिसते ते तिचे पाऊल. भिंत, कर्ज आणि विहीर कोणास दिसत नाही, कारण ती रोजची आहेत.

यास्तव आमचे मत असे आहे की दोष ठरविताना मनुष्य सत्यापेक्षा सोय पाहतो. गांडूळ मातीच्या आत असते. ते वेचून काढणे कोणास शक्य नाही. हरिण सुंदर दिसते, त्याला मारणे पुष्कळांस रुचत नाही, आणि लांडगा परत आणणे तर त्याहून रुचत नाही. राहता राहिले हे झाड. ते हळूच उपटले तर मुळासकट निघते. ते उपटताना ते ओरडत नाही, आणि संध्याकाळी उपटलेल्या झाडांचा ढीग पाहून मनास समाधान होते. तेथील गावोगावची मंडळी दर वसंतात एकत्र जमतात, मुलांस घेऊन रानात जातात, मोठ्या पिशव्या भरभरून ही झाडे उपटितात. त्यांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. फुलावर आलेले झाड उपटून तेथेच टाकिले तरी त्याचे बी पिकू शकते, म्हणून ते पिशवीत घालून रानाबाहेर नेतात. इतकी काळजी घेतात. पण इतक्या पायांखाली तेथील कोवळी रानफुले तुडविली जातात, माती उकरली जाते, आणि उकरलेल्या मातीत मागील वर्षांचे निजलेले बी जागे होते. निदणाच्या दाखल्यातील चाकरांसही हीच उतावीळ होती. धन्याने त्यांस का थांबविले हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

या कामी कॉर्नेल विद्यापीठातील बर्न्ड ब्लॉसी यांची हकीकत विचार करण्याजोगी आहे. लसूण-मोहरी खाणारे कीटक युरोपातून शोधून आणावे, असा उद्योग १९९८ च्या सुमारास सुरू झाला, त्यात हे विद्वान प्रारंभापासून होते. शत्रूचा नाश करण्याचे साधन शोधणे हेच त्यांचे काम. पण त्याच वेळी त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी अनेक ठिकाणी, ज्यांस कोणी हात लावीत नव्हते अशा लसूण-मोहरीच्या वस्त्या दहा वर्षांहून अधिक काळ मोजत ठेविल्या. २०२१ साली त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला: ती प्रथम झपाट्याने वाढते, कळस गाठते, आणि पुढे कोणी काही न करिता ओसरत जाते. मातीत तिचे स्वतःचे रोग हळूहळू साठतात, असे त्यांचे अनुमान आहे. त्यापूर्वी २००९ साली दुसऱ्या संशोधकांनी असेही दाखविले होते की वस्ती जितकी जुनी तितके तिच्यातील तीव्र द्रव्य कमी होते. भोवती बहुतेक आपलीच भावंडे उरली म्हणजे शेजाऱ्यास मारण्याचे हत्यार तयार करण्याचा खर्च तिला परवडत नाही. तेव्हा ज्या मनुष्याने आपल्या आयुष्याची कित्येक वर्षे या झाडाच्या शत्रूचा शोध करण्यात घालविली, तोच आज म्हणतो की बहुतेक ठिकाणी ते उपटण्याचे सोडून द्या, हरणांकडे पाहा. आपल्याच श्रमांविरुद्ध साक्ष देणे ही थोडी गोष्ट नव्हे, आणि आम्हांस त्यांच्या संशोधनाइतकेच त्या साक्षीचे मोल वाटते.

सर्व जाणते या मताचे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पुष्कळांचे म्हणणे असे की जेथे नुकतीच दहावीस झाडे दिसू लागली आहेत, तेथे बी पडण्यापूर्वी ती काढून टाकणे शहाणपणाचे, आणि दुर्मिळ फुलझाड जवळ असेल तर ओसरण्याची वाट पाहत बसणे म्हणजे त्या फुलाचा बळी देणे. हे म्हणणे आम्हांस योग्य वाटते. आणि येथेच या विचारातील कठीण भाग आहे. झाड निर्दोष आहे असे एकदा ठरले म्हणजे त्यास हात लावू नये, असे मुळीच ठरत नाही. निर्दोष असूनही त्याच्यापासून हानी होते. आणि ज्याच्या हाती रानाची राखण आहे त्याने ती थांबविली पाहिजे. दोष आणि कर्तव्य या दोन गोष्टी आपण एकाच दोरीने बांधतो, म्हणून दोन्हीकडे फसतो. दोषी सापडला की कर्तव्य झाले असे वाटते. दोषी नाही असे कळले की कर्तव्य उरले नाही असे वाटते. पिसाळलेले कुत्रे दोषी नसते, तरी पोरांच्या वाटेवर त्यास मोकळे सोडीत नाहीत. मात्र ज्याला ते दोषी नाही हे ठाऊक आहे, तो त्यास हाल करून मारीत नाही, आणि त्याला कोणी चावले याचाही तपास करितो.

आमच्या इकडे गाजरगवताविषयी असेच झाले आहे. ते अमेरिका खंडातले. १९५५ साली पुणे येथे ते प्रथम लक्षात आले, आणि आज महाराष्ट्रात असा बांध नाही की जेथे ते नाही. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते आले, ही गोष्ट प्रत्येकाच्या तोंडी आहे. पण या देशातील त्याच्या त्याहून पुष्कळ जुन्या नोंदी संशोधकांनी काढून दाखविल्या आहेत. गव्हावर राग धरून सत्तर वर्षे गेली, आणि पडीक जागा, उकिरडे व रस्त्यांच्या उघड्या कडा, जेथे ते खरे पोसते, तशाच राहिल्या. यावरून ते राहू द्यावे असे कोणी समजू नये. त्याने कातडीला खाज व चट्टे येतात, पुष्कळांस दम लागतो. ते फुलावर येण्यापूर्वी, पावसाने माती ओली असताना, हातास जाड कापड बांधून मुळासकट उपटावे, आणि मोकळ्या झालेल्या जागी तरवडासारखे काही लावावे. नाही तर पुढील पावसात तेथे तेच उगवेल.

मनुष्यांस हा विचार लावताना मात्र एक अंतर ठेविले पाहिजे. गावात नवे आलेले कुटुंब, ऊस तोडावयास आलेली टोळी, दुसऱ्या मंडळीतून आलेला उपदेशक, यांस कोणी तण म्हणू लागला तर तो दृष्टांत नव्हे, निंदा होय. झाडाला विचारिता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने आपण अनुमान करितो. मनुष्याला विचारिता येते, तो उत्तर देऊ शकतो, आणि आपली रीत बदलू शकतो. ज्याने विचारिले नाही त्याने ठरविलेला दोष पंचायतीत टिकू नये.

युरोपातून आणावयाच्या त्या कीटकांपैकी एका लहान सोंडकिड्यास कॅनडाच्या सरकारने २०१८ साली सोडण्याची परवानगी दिली. तो या झाडाचा बुंधा व मूळ पोखरितो. एका परक्याच्या मागे दुसरा परका पाठवावयाचा, यात जोखीम आहे. म्हणून वीस वर्षे त्याची परीक्षा केली, दुसऱ्या झाडांवर ठेवून तो ती खातो की नाही हे पाहिले. आपल्याकडे १९८४ साली गाजरगवतावर मेक्सिकोतील भुंगेरा बंगळूर येथे सोडिला, आणि पुढे तो सूर्यफुलाच्या पानांवर दिसला तेव्हा शेतकऱ्यांत काळजी उत्पन्न झाली, हे पुष्कळांस स्मरत असेल.

फुलपाखरांविषयी एक बातमी सांगावयाची राहिली. वेस्ट व्हर्जिनिया व्हाइटची पिल्ले लसूण-मोहरीवर अजून मरतातच. पण त्याच्या जवळच्या नात्यातील मस्टर्ड व्हाइट नावाचे दुसरे एक पांढरे फुलपाखरू ईशान्य अमेरिकेत आहे. जेथे हे झाड पुष्कळ वर्षांपासून वाढत आले आहे, तेथील या फुलपाखराच्या काही अळ्या तिची पाने खाऊन जगतात व पंख फुटून उडतात, असे संशोधकांनी २००८ साली लिहिले. जेथे हे झाड अजून पोहोचले नव्हते, तेथून आणलेल्या अळ्यांस ते तितके साधले नाही.